वीतभर उतार

सुट्टीनंतरचा पहिला क्लास संपला की आई सांगणार होती, तिच्या खुर्चीत यापुढे कोण बसणार. म्हणून थोरला सगळ्यांच्या आधी येऊन हॉलच्या दारात उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. जमीन नेहमीसारखी दिसत होती. ती नेहमीसारखी दिसावी म्हणून त्याने अख्खी सुट्टी घालवली होती.

ही जमीन बाबांनी घातलेली. बॅले कंपनी काढली तेव्हा त्यांच्याकडे एक रिकामं गोदाम, आई आणि हौस एवढंच होतं. बाबा उत्तम नाचत. सुतारकाम त्यांना येत नव्हतं, पण तसं ते कधी म्हणाले नाहीत. दारापासून फळ्या ठोकत ठोकत ते खिडकीपर्यंत गेले, आणि तिथे पोचेतो जमीन वीतभर खाली उतरली होती. पुढे बाबा गेले, कंपनीचं नाव झालं, आणि हॉल वाकडा आहे हे वाक्य घरात कधी कुणी उच्चारलं नाही. मनातल्या मनात प्रत्येकाला माहीत होतं. दाराशी पाणी सांडलं तरी पुसणारा फडकं घेऊन न बोलता खिडकीकडे जायचा.

आईची वेताची खुर्ची त्याच खिडकीखाली होती. म्हणजे इतकी वर्षं सगळी कंपनी तिच्या दिशेने उतरत आली होती. आईला ते आवडत असावं.

ती बहिणीकडे गेल्याची संधी साधून थोरल्याने सुतार आणले. फळी न् फळी उचलली, पाठीवर खडूने आकडे घातले, खाली ठोकळे भरले आणि त्याच क्रमाने परत बसवली. खिडकीच्या बाजूचा, सरावात धरायचा कठडा वर घेतला. पडदे जमिनीवर लोळायला लागले, तेव्हा ते घरी नेऊन स्वतः दुमडून शिवले. बायकोला सांगितलं, पडद्यांना कसर लागली होती. बायको शिवणाकडे बघून बरं म्हणाली.

त्याच्या मते कारणं चांगली होती. मुलींचे डावे घोटे सुजत, आणि डॉक्टरांनी एकदा सरळ विचारलं होतं की तुम्ही लोक नाचता तरी कशावर. शिवाय धाकटा. मोठ्या कंपनीतून परत आल्यापासून तो नवे नाच बसवत होता, आणि प्रत्येक नाचात रांग खिडकीकडे सरकते म्हणून मुलांवर डाफरत होता. विश्वस्तांना नवं काहीतरी हवं होतं. थोरल्याने धाकट्याला शब्द दिला होता, आईनंतर तूच. रोजचा क्लास घेणाऱ्या ताईला ‘ज्येष्ठ मार्गदर्शक’ करायचं ठरलं होतं. ज्येष्ठ मार्गदर्शकाने काय करायचं हे ठरलं नव्हतं.

एक कारण मात्र तो स्वतःशीही मोजत नसे. लहानपणी याच हॉलमध्ये आईने त्याला अनवाणी उभं केलं होतं, तळवे पाहिले होते आणि म्हणाली होती, “सपाट आहेत. हा छान मॅनेजर होईल.” तो छान मॅनेजर झाला. बाकी सगळं घर या जमिनीवर घामाघूम होत राहिलं आणि तो दारातून बघत राहिला. आता आईने धाकट्याचं नाव घेतलं की तो उभा राहून सांगणार होता: नव्या माणसाला सरळ जमीन, माझ्याकडून.

जिन्यावर पावलं वाजली. थोरला आत वळला आणि फळीच्या कडेवरचा खडूचा एक ठिपका बोटाने पुसला.

*

हॉलचा एक नियम होता. उंबरठ्याच्या आत नातं नाही. आत आई म्हणजे मॅडम, थोरला म्हणजे साहेब, ताई म्हणजे बाई, गेलेले बाबा सर, आणि सगळ्यांना अहो-जाहो. चुकून कुणाच्या तोंडून आई, दादा, ताई निघालंच, तर त्याने बाहेर जायचं, दार लावायचं आणि पुन्हा आत यायचं. बाबांनी हा नियम भांडणं टाळण्यासाठी केला होता. भांडणं टळली नाहीत, पण ती फार अदबीने होऊ लागली.

थोरली सून पियानोवर बसायची. या घरात आली तेव्हापासून रोजच्या क्लासला तीच वाजवायची, त्यामुळे ती दिवसभर सगळ्यांचं ऐकायची आणि कुणाला उत्तर द्यायला तिचे हात रिकामे नसायचे. घरातले सगळे तिला आपल्या बाजूची समजत. ताई तिच्याशी रोज एका कपातला अर्धा अर्धा चहा पिऊन मन मोकळं करायची. नवऱ्याने काल रात्रीच बजावलं होतं की उद्या तू काही बोलायचं नाहीस. ती म्हणाली होती, मी कधी बोलते?

ती स्टुलावर बसली आणि तिला कळलं.

पियानोच्या खिडकीकडच्या पायांखाली लाकडाच्या पाचरी होत्या. त्या तिने स्वतः लग्नानंतर पहिल्याच महिन्यात घातल्या होत्या, आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर हॉल वाकडा म्हणावं लागलं असतं. आज पियानो दाराकडे कलला होता. तिने पेडलवरचा पाय काढून हळूच एका पाचरीला लावून पाहिला. मग मान वर करून पडद्यांची नवी शिवण पाहिली, कठड्याच्या नव्या स्क्रूंकडे पाहिलं, आणि शेवटी दारात हाताची घडी घालून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

तिने संथ लयीत पहिली धून सुरू केली.

कठड्याशी सगळं ठीक चाललं. कठड्याला धरून कुणीही सरळ उभं राहतं. मग मुलं मधोमध आली, आणि ताईने नेहमीसारखं सांगितलं, एक पाय वर, हात वर, आणि थांबा. सगळी कंपनी एका पायावर थांबली, आणि मग सगळी कंपनी दाराकडे कलली. कुणी पडलं नाही. आधी पुढची रांग तिरकी झाली, मग मधली, मग मागची. पुढे नाचणारा उंच मुलगा, ज्याचा तोल गावभर प्रसिद्ध होता, एका पायावर उड्या मारत पियानोपर्यंत आला, पियानोला धरून सॉरी म्हणाला आणि परत गेला.

“परत,” ताई म्हणाली.

परत तेच झालं.

फक्त एक जण सरळ उभी होती. धाकट्याची बायको. बाळंतपणानंतर आज पहिल्यांदाच ती क्लासला आली होती, मागच्या रांगेत, सैल शर्टात, लाजत. तिची मुलगी पियानोजवळ गोधडीवर उशीला टेकून बसली होती. नुकतीच बसायला शिकली होती आणि त्या कर्तबगारीचा तिला अजून कंटाळा आला नव्हता. सगळी रांग कललेली आणि एकटी धाकटी ताठ. साहजिकच सगळ्यांना वाटलं की चुकतेय ती.

*

ताईलाही तेच वाटलं. ती रांगांमधून मागे गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली की इतके महिने घरी होता, शरीर विसरणारच, मनाला लावून घेऊ नका. आणि तिने धाकटीच्या कमरेला दोन्ही हात लावून तिला दाराकडे कलवायचा प्रयत्न केला.

धाकटी कलेना. ताईच्या तळव्यांना तिचं हाड, तिचा श्वास, तिच्या पायाखालची जमीन, सगळं एका रेषेत लागलं. असं तिला या हॉलमध्ये कधी लागलं नव्हतं. बाहेरच्या थिएटरांत लागायचं.

धाकटी कानात कुजबुजली की खरं सांगू का बाई, मला आज फार सोपं वाटतंय. घरी सबंध दिवस पोरीला कडेवर घेऊन येरझाऱ्या घालते. आमच्या घरची फरशी अशीच आहे.

“अशीच म्हणजे?”

धाकटीने पाय बदलला. तीही या घराची सून होती.

ताईने हात काढून घेतले. गोधडीवर पोरीने हातातला लाल चेंडू सोडला. सुट्टीआधी धाकटा तिला इथे घेऊन यायचा तेव्हा तो सोडला की धावत खिडकीशी जायचा, आजीच्या खुर्चीच्या पायाला लागून थांबायचा, आणि पोर हसायची. आज चेंडू जिथे पडला तिथे बसून राहिला. पोर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने खिडकीकडे पाहिलं, मग पुन्हा चेंडूकडे, आणि तिचा ओठ खाली वळला.

ताईला पोरीचं मन पूर्ण समजलं.

तिला वाटलं होतं, हा तिचा दिवस आहे. सकाळी तिने केस दोनदा विंचरले होते. बाबा गेले तेव्हा ती पुढच्या रांगेत नाचत होती. दुसऱ्या दिवशी क्लास कोण घेणार म्हणून तिने घेतला, आणि तेव्हापासून नाचायचं राहूनच गेलं. आई खुर्चीत बसून मान हलवायची आणि त्या मानेचा अर्थ ताई सगळ्यांना सांगायची. ती खुर्ची तिला हवी होती. तसं ती कुणाला बोलली नव्हती, त्यामुळे सगळ्यांना माहीत होतं.

तिने दाराकडे पाहिलं. थोरला आता बुटांकडे बघत होता. लहानपणी काही फोडलं की तो असाच बघायचा.

*

खिडकीखाली आई कुणाकडेच बघत नव्हती. तिने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

बसल्यापासून तिला पुढे लोटल्यासारखं होत होतं. आधी तिला वाटलं, प्रवासाचा शीण. मग मुलं मधोमध आली आणि डोळ्यांदेखत सगळी कंपनी तिरकी झाली. तिने डोळे मिटले, उघडले. कंपनी तिरकीच होती. डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं की या वयात चक्कर येईल, जग कलल्यासारखं वाटेल, तसं झालं तर दुर्लक्ष करू नका. तिला वाटलं होतं ते बोलायची पद्धत म्हणून सांगताहेत. एवढं तंतोतंत असेल असं वाटलं नव्हतं.

ती घाबरली नाही. निदान चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. स्टेजवरची सवय कामाला आली. येताना तिच्या मनात धाकटा होता. त्याला आपलं काही करून बघू दे, आपण वर्षभर मागे बसू, चुकला तर सावरू. पण आता वर्षभराचं काय सांगावं. सावरायला आपण नसलो तर तिथे आधीपासून सावरणारं माणूस हवं. तिने मनातल्या मनात नाव बदललं. त्याला सोळा मात्रांहून जास्त वेळ लागला नाही.

“पुरे,” ती म्हणाली. पियानो थांबला.

मुलांना वाटलं, तोल गेल्याची शिक्षा मिळणार. त्यांना खाली पाठवण्यात आलं, तेव्हा ती जिन्यावरून इतकी जपून उतरली की कुणाला वाटावं पायऱ्यांवर तेल सांडलंय.

*

बैठक वर ऑफिसात घ्यावी असं थोरल्याने सुचवलं. तिथे खुर्च्या आहेत, आणि तिथे माणसाला आई म्हणता येतं. आईला उठून जिना चढायची खात्री वाटत नव्हती, पण ते न सांगता ती म्हणाली की हॉलचं हॉलमध्येच. तेव्हा सगळे जमिनीवर बसले, ती एकटी खुर्चीत. धाकटीने पोरीला मांडीवर घेतलं आणि ओढणीआड पाजायला लागली. हॉलच्या नियमात पोरीसाठी शब्द नव्हता. आई तिला पाहुणी म्हणायची.

विश्वस्तांचं म्हणणं काय आहे ते थोरल्याने मांडायला घेतलं. नवे प्रेक्षक, नवे नाच, बाईंच्या अनुभवाचा योग्य तो सन्मान. ताईने विचारलं, योग्य तो म्हणजे केवढा. तो म्हणाला की पद फार वरचं आहे. ती म्हणाली, माळ्याइतकं वर? धाकट्याला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. एरवी अशा वेळी तो दादाच्या बाजूने दोन वाक्यं टाकायचा. आज तो जमिनीवरच्या एका फळीवर तळहात फिरवत होता.

आईने हात वर केला.

“मला सकाळपासून चक्कर आहे,” ती म्हणाली, हॉलमध्ये दिवा गेलाय हे सांगावं तशी. “सगळी कंपनी मला तिरकी दिसली. डॉक्टरांनी सांगितलंच होतं असं होईल. त्यामुळे लांबण लावत नाही. आजपासून खुर्ची बाई घेतील.”

पोरीचा घुटक्यांचा आवाज तेवढा येत होता.

थोरल्याचा चेहरा पडला, आणि मग आणखी पडला, कारण त्याच्या लक्षात आलं की खरं काय ते त्याला माहीत आहे. आता बोललं तर बाबांच्या जमिनीला हात लावल्याचं सांगावं लागेल. नाही बोललं तर आई आजारी. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने बंद पियानोवर दोन्ही हात ठेवले होते. काल तूच सांगितलं होतंस, असं त्या हातांचं म्हणणं होतं.

ताईने खुर्चीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिने त्या खुर्चीचा वेत दोनदा बदलून आणला होता, पण बसली कधी नव्हती. आता फक्त हो मॅडम म्हणायचं होतं. जमीन पुन्हा कधी वाकडी होणार नव्हती आणि कुणी कधी विचारणार नव्हतं. मुलांना तिने आठवड्यात सरळ केलं असतं. आई घरी पडून राहिली असती, उशीला धरून, पुढच्या चक्करेची वाट बघत.

आईची बोटं अजून खुर्चीच्या हातांवर पांढरी पडलेली होती.

“तुम्हाला काही झालेलं नाही, मॅडम,” ताई म्हणाली. “चक्कर नाहीये ती. जमीन सरळ झालीय.”

हे वाक्य हॉलमध्ये कसं बसलं ते सांगणं कठीण आहे. जमीन सरळ झाली म्हणजे आधी ती सरळ नव्हती, आणि एवढा अर्थ तिथे बसलेल्या प्रत्येकाला आपापला लावता आला. धाकट्याचा तळहात फळीवर थांबला.

“कुणी केली?” आईने विचारलं.

“कुणी का केली असेना. चांगली केलीय. मुलींचे घोटे—”

“आई, मी केली,” थोरला म्हणाला.

मग तो उठला, दारापर्यंत गेला, बाहेर पडला आणि दार लावून घेतलं. जरा वेळ गेला. दार उघडून तो पुन्हा आत आला, आपल्या जागेवर येऊन बसला आणि म्हणाला, “मी केली, मॅडम.”

आईने त्याच्याकडे पाहिलं. नंतर ती धाकटीला म्हणाली, “पाहुणीचा चेंडू द्या जरा.”

चेंडू तिच्या हातात आला. तिने वाकून तो पायाशी ठेवला आणि हात काढून घेतला. चेंडू हलला नाही. ती बराच वेळ बघत बसली. थोरला आपले सपाट तळवे बुटांत घट्ट दाबून बसला होता. आता जे यायचं ते येऊ दे.

“सरांनी शेवटची फळी ठोकली तेव्हा असाच चेंडू ठेवला होता,” आई म्हणाली. “दाराशी. तो थेट इथे आला.”

“म्हणजे सरांना ठाऊक होतं?” धाकट्याने विचारलं.

“आंधळे नव्हते ते.”

“मग परत उखडून सरळ का नाही केली?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास होता.” आईला याहून वेगळं काही कारण लागतं असं वाटत नव्हतं. “मला बसताना मागे जायला होतं म्हटलं, तर त्यांनी करवत घेऊन खुर्चीचे पुढचे पाय नखभर कापले. मी म्हटलं, हं, आता ठीक आहे. विषय संपला.”

सगळ्यांनी खुर्चीच्या पायांकडे पाहिलं. थोरलीला आपल्या पाचरी आठवल्या, आणि लग्न होऊन इतकी वर्षं झाल्यावर आज तिला सासऱ्यांची ओळख झाल्यासारखं वाटलं.

आईने खुर्चीचे हात सोडले. एक बोट, मग दुसरं.

“म्हणजे मी ठणठणीत आहे.”

“हो,” ताई म्हणाली.

“मग मी खुर्ची कशाला सोडू?”

ताई जमिनीकडे बघून हसली, फक्त ओठांनी. तिने ते आधीच धरून चालल्यासारखं दिसत होतं.

धाकट्याने घसा साफ केला. म्हणाला की सोडाल तेव्हा सोडा, पण तेव्हाही मला देऊ नका. दोन वर्षं मी मुलांच्या अंगावर ओरडतोय, रांग सरळ ठेवा म्हणून. ती सरळच येत होती. उतारावर सरळ चाललेली माणसं मला कळली नाहीत, आणि मी या जमिनीवर रांगायला शिकलोय. मला नाच बसवू द्या. माणसं बाईंनी बसवावीत. थोरला म्हणाला की आपलं वेगळं ठरलं होतं. धाकटा म्हणाला, साहेब, आपलं ठरलं तेव्हा हॉल वाकडा होता.

शनिवारी बाहेरच्या थिएटरात प्रयोग होता. आईने सहज विचारल्यासारखं विचारलं की बाहेरची स्टेजं तर सपाटच असतात. मग तिथे ही मुलं इतकी वर्षं उभी कशी राहिली?

ताईने नजर फळ्यांवर ठेवली. थोरला तिकिटांची विक्री सांगू शकत होता, ते सांगू शकत नव्हता. तेव्हा पियानोकडून आवाज आला, आणि सगळे वळले, कारण पियानोवरून बोलणं येत नसे.

“बाई आदल्या दिवशी पडदा पाडून क्लास घेतात,” थोरली म्हणाली. “फक्त उभं राहण्याचा. मी वाजवते. परत आल्यावर इथे पुन्हा एक घेतात, उलटा.”

“मला कुणी सांगितलं नाही,” आई म्हणाली.

“सांगायचं तर जमिनीचं नाव घ्यावं लागलं असतं.”

नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस घरातल्या कपाटाला अचानक दुसरं दार सापडल्यावर बघतो. तिने पाचरी काढून त्याच्यासमोर ठेवल्या, या तुमच्या ठोकळ्यांत ठेवा म्हणाली, आणि मुलं खाली खोळंबलीत म्हणून चहा टाकायला गेली.

आईने बैठक संपवली. कुणाचं नाव झालं नाही. थोरल्याला एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी सुतार आणाल तेव्हा खुर्चीचीही आठवण ठेवा. तो हो म्हणाला. बाहेर जाताना दाराशी तो क्षणभर थांबला, बूट काढले आणि मोज्यांनिशी हॉलच्या मधोमध जाऊन उभा राहिला. कुणी बघत नाही असं त्याला वाटलं. आई बघत होती. तो सरळ उभा होता. तिने काही म्हटलं नाही. म्हणालीच असती तर साहेब म्हणावं लागलं असतं.

*

दुपारी ताई हॉलमध्ये आली तेव्हा आई खिडकीशी उभी होती. खुर्ची आडवी पाडलेली, आणि नेपथ्याच्या खोलीतून आणलेली करवत पडद्याशी टेकवलेली. पोर गोधडीवर झोपली होती, एक मूठ चेंडूवर. धाकटी शेजारी भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपली होती.

“मागचे पाय कापायचेत,” आई हळू आवाजात म्हणाली. “माझ्याच्याने रेटवत नाही.”

ताई गुडघ्यांवर बसली. पुढच्या आखूड पायांवरून माप घेतलं, मागच्यांवर पेन्सिलीने खूण केली आणि कापायला लागली. भुसा जमिनीवर पडला आणि पडला तिथेच राहिला. आई पोरीकडे लक्ष ठेवून होती. करवतीच्या आवाजाने ती चाळवली तर ताईला हाताने थांबायला सांगायची, परत झोपली की चालू द्या म्हणायची. त्यामुळे दोन पाय कापायला वेळ लागला.

ताईने खुर्ची उभी केली आणि हाताने हलवून पाहिली. एका बाजूला किंचित ठकठक झाली.

“बसून बघा,” ती म्हणाली.

“मला डोळ्यांनी बघायचंय कुठे डुगडुगते ते. तुम्ही बसा.”

“माझं वजन वेगळं, तुमचं वेगळं. मग ती माझ्या मापाची होईल.”

“होऊ दे.”

ताईने तिच्याकडे पाहिलं. आई खाली वाकून खुर्चीचे पाय न्याहाळत होती, चेहरा दिसत नव्हता.

“हा हंगाम मी बसते,” आई पायांशी बोलल्यासारखी म्हणाली. “मी काही आजारी नाही. पण पाय पुन्हा पुन्हा कापण्यात अर्थ नाही. आखूड होत जाते.”

ताई बसली. आधी कडेवर, मग नीट. खुर्चीतून हॉल वेगळा दिसत होता. दार वाटलं होतं त्याहून जवळ होतं. आईने एका पायाला हात लावला, आणखी जरासा काप म्हणाली, आणि हा अरे-तुरेचा काप तिच्या लक्षातही आला नाही.

“आई,” ताई म्हणाली.

मग तिला कळलं की आपण कुठे आहोत, आणि ती दोन्ही हात टेकून उठायला लागली, बाहेर जाऊन दार लावून परत यायला.

“बस,” आई म्हणाली. “हललीस की माप चुकतं.”